डिझेलचे भवितव्य आणि लॉनसाठी घरचे द्रवखत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाजवळ आमचे घर आहे. घरापुढे एक गुंठ्याचे लॉन आहे आणि मागे ऊस. मागच्या शेडमध्ये एका भिंतीला वडिलांनी घेतलेले पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे, समोरच्या भिंतीला द्रवखताचे निळे बॅरल. शेडमध्ये येणारे लोक या दोन वस्तूंविषयीच विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या समजुतीप्रमाणे उत्तरे येथे लिहिली आहेत.

डिझेल आणि खत हे दोन विषय एकत्र कशासाठी?

दोन्हींचा हिशेब एकाच पद्धतीने करावा लागतो, म्हणून. एका लिटरमध्ये नेमके किती आहे, हे पाहिल्याशिवाय डिझेलबद्दलही बोलू नये आणि द्रवखताबद्दलही. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा असते, त्यातली पाव ते तिसरा हिस्सा आपले छोटे इंजिन पुलीपर्यंत पोहोचवते आणि बाकीची सायलेन्सर व पाण्याच्या जॅकेटवाटे उष्णता होऊन निघून जाते. एक लिटर जीवामृतात, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेल्या द्रवात, जेमतेम एक ग्रॅम नत्र असते. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप लागतात. शिवाय गोबरगॅसच्या टाकीत हे दोन्ही विषय प्रत्यक्ष एकत्र येतात, त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

डिझेल बंद होणार, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

एका दिवशी बंद होणार नाही. ते एकेका कामातून मागे सरकेल, आणि सरकतही आहे. जिथे यंत्र एका जागी उभे असते आणि जवळ विजेची तार असते, तिथून डिझेल सर्वांत आधी जाते. आपल्याकडे कोयनेची वीज आली तसे विहिरीवरचे इंजिन जाऊन मोटार बसली. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना तर पहिल्यापासून विजेवरच आहेत. रेल्वेचेही तेच झाले. मिरजेच्या फलाटावर धूर सोडत उभे राहणारे डिझेल इंजिन आम्ही लहानपणापासून पाहिले, आता पुणे–मिरज मार्गावर तारा आल्या असून मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पूर्ण केले.

याउलट जिथे यंत्राला स्वतःचे इंधन पाठीवर घेऊन चिखलातून ओझे ओढायचे असते, तिथे डिझेल सर्वांत शेवटी जाईल. ऊसतोडणी यंत्र, कारखान्याकडे जाणाऱ्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, जेसीबी आणि रुग्णालयाचा जनरेटर ही त्यातली कामे. गळिताच्या हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या ट्रॅक्टरला बॅटरी भरण्यासाठी तासन्‌तास उभे करणे आजतरी परवडत नाही. म्हणून ‘डिझेल राहील की जाईल’ असे न विचारता ‘माझ्या कोणत्या कामातून ते आधी जाईल’ असे विचारावे, असे माझे मत आहे.

मग पाणी उपसण्याचे जुने इंजिन विकून टाकावे का?

आधी खर्च पाहा. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला एक लिटरच्या थोडे पुढे डिझेल पिते, म्हणजे गेल्या काही वर्षांच्या भावाने तासाला शंभर रुपयांच्या आसपास. तेवढीच मोटार तासाला साडेचार युनिट वीज घेते आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे. ज्यांच्याकडे कृषिपंपाची वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. रोजच्या उपशासाठी इंजिन चालवण्याला त्यामुळे हिशेबाचा आधार उरलेला नाही.

तरीही आम्ही ते विकले नाही, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा काठावरच्या मोटारी, स्टार्टर, पेट्या आणि खांब सगळेच पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर तारा ओढून वीज यायला बराच वेळ लागला. त्या दिवसांत गल्लीतल्या तळघरांतले आणि विहिरींतले गढूळ पाणी उपसण्यासाठी आमचे इंजिन बैलगाडीवर घालून घरोघर फिरले. वडिलांनी सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका वर करून हँडल मारले आणि चौथ्या फेरीला खटका सोडताच ते धडधडू लागले. वर्षभर बंद असलेले यंत्र बॅटरीवाचून, वायरीवाचून चालू होते हा गुण मोठा आहे. पूरपट्ट्यातल्या गावाने अशी दोनचार इंजिने जपून ठेवावीत. महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवावे, टाकी भरलेली ठेवावी म्हणजे आत दव धरत नाही, आणि जुने डिझेल वर्षभराच्या आत वापरून टाकावे.

नवा ट्रॅक्टर डिझेलचाच घ्यावा का?

होय. फक्त ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत, त्यामुळे त्यांची किंमत आणि दुरुस्ती दोन्ही वाढली आहे, हे लक्षात घेऊन खरोखर किती शक्ती लागते ते ठरवावे.

आणि मोटारगाडी?

रोज सांगली–मिरज एवढेच जाणे-येणे असेल तर डिझेल गाडी घेऊ नये. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस ६ निकषांच्या डिझेल गाडीत काजळी पकडणारी गाळणी असते. ती काजळी आतल्या आत जाळण्यासाठी सायलेन्सर पुरेसा तापावा लागतो आणि पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही. गाळणी भरल्याचा दिवा लागला तर गाडी महामार्गावर कराडच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटे एका वेगात न्यावी, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा जो निर्णय वारंवार ऐकू येतो, तो दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे. सातारा-सांगलीला तो लागू नाही.

इथेनॉल आपल्याच कारखान्यांत होते. ते डिझेलमध्ये का घालत नाहीत?

इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, थोडा ओलावा लागताच वेगळे होते, आणि दाबाने पेट घेण्याचा डिझेलचा मुख्य गुण त्याच्यात फारच कमी असतो. ते पेट्रोलचे सोबती आहे. डिझेलमध्ये घालायचे ते बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा तळून उरलेल्या तेलापासून केलेले इंधन. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य ठेवलेले आहे.

रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. म्हणून अनेक जण विचारतात की घाण्याचे तेल इंजिनात ओतले तर? ओतू नये. ते डिझेलपेक्षा कितीतरी दाट असते, नोझलच्या तोंडाशी त्याचा कोळसा धरतो, आणि भाव डिझेलच्या जवळपास दुप्पट. तेल माणसांसाठी राहू द्यावे. त्याच घाण्यातून निघणारी पेंड मात्र लॉनसाठी फार मोलाची आहे.

लॉनला घरचे द्रवखत पुरते का?

कोणते करता त्यावर आहे. वाढीच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, हरळी जातीच्या लॉनला दर महिना-दीड महिन्याला एका चौरस मीटरमागे दोन ते तीन ग्रॅम नत्र लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणून गुंठ्याला एका वेळी २०० ते ३०० ग्रॅम. आता घरातल्या वस्तू या मापाला लावून पाहू.

जीवामृत एकरी २०० लिटर देतात, म्हणजे गुंठ्याला पाच लिटर. त्यात नत्र पाच-सहा ग्रॅम. गोबरगॅसच्या टाकीतून निघणारी शेणाची रबडी शंभर लिटर दिली तर १०० ते १५० ग्रॅम. दहा लिटर गोमूत्रातून शंभरच्या आसपास. आणि तीन किलो शेंगदाणा पेंड भिजवून दिली तर दोनशेच्या वर, कारण पेंडीत सात टक्के नत्र असते. तांदळाचे धुवण आणि केळीच्या सालींचे पाणी यांत नत्र इतके कमी असते की त्याला खत म्हणणे मला पटत नाही. ते झाडाला घालावे, वाया जाऊ देऊ नये, पण त्यावर लॉन हिरवे राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

मग जीवामृत करणे व्यर्थ आहे का?

मुळीच नाही. पण ते जेवण म्हणून न पाहता विरजण म्हणून पाहावे. विरजणाने दूध वाढत नाही, दुधाचे दही होते. तसे जीवामृतातले जिवाणू जमिनीत आधीच असलेले सेंद्रिय पदार्थ कुजवून मुळांना मिळवून देतात. जमिनीत कुजण्यासारखे काहीच नसेल तर त्यांनी तरी काय करावे? म्हणून वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, लॉनवर चाळलेले शेणखत पातळ पसरावे आणि मग जीवामृत द्यावे.

गुंठ्यासाठी लहान माप असे : १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बादली सावलीत ठेवून वर गोणपाट टाकावे आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वापरता येते, आठ-दहा दिवसांनंतर त्याचा जोर उतरतो. यातले पाच लिटर एका वेळेला पुरते, उरलेले फुलझाडांना द्यावे.

पेंडीचे द्रवखत कसे करावे?

हे मी स्वतः सर्वांत जास्त वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो. घाण्यावरून साधी शेंगदाणा पेंड आणावी. मिठाची चव लागत नाही ना, हे चाखून पाहावे, कारण जनावरांसाठीच्या काही मिश्रणांत मीठ असते आणि आपल्या काळ्या जमिनीत क्षार आधीच भरपूर आहेत. तीन किलो पेंड तीस लिटर पाण्यात भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी ती फुगून वर येते, तिसऱ्या दिवशी बुडबुडे सुटतात आणि चौथ्या दिवशी असा वास सुटतो की शेजारी विचारायला येतात. मूठभर जुने कंपोस्ट आणि थोडा गूळ घातल्यास वास बराच आटोक्यात राहतो. झाकण घट्ट लावू नये, वायूने बॅरल फुगते. जाळीचे कापड बांधावे म्हणजे माश्या आणि डास आत जात नाहीत.

पाचव्या दिवशी जुन्या धोतराच्या दुहेरी कापडातून गाळावे. एक भाग अर्काला दहा भाग पाणी घालून झारीने लॉनवर शिंपावे आणि लगेच साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा, म्हणजे पात्यांवर पेंडीचा थर वाळत नाही. गाळ फेकू नये. पेंडीतले बरेच नत्र गाळातच राहते आणि तो हळूहळू कुजतो. आम्ही तो मातीत कालवून लॉनच्या उघड्या पडलेल्या जागांवर टाकतो. वर दिलेले दोनशे ग्रॅमचे गणित गाळासह आहे.

गोमूत्र थेट ओतले तर?

गवत जळते. एकास दहा पाणी घालावे आणि संध्याकाळी द्यावे.

खत देऊनही लॉन पिवळेच राहते. असे का?

सांगली, मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यातून येणारा हा सर्वांत नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुधा नत्र नसते, लोह असते. पाते हातात घेऊन उन्हाकडे धरावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. नवे कोंब पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या, विम्लधर्मी काळ्या जमिनीत लोह असते, पण मुळांना घेता येत नाही. पाणी जास्त देऊन जमीन चिबड झाली असेल तर हा त्रास वाढतोच.

अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) वापरावी : लिटरला पाच ग्रॅम, सोबत एक ग्रॅम लिंबूसत्त्व, आणि संध्याकाळी बारीक फवारा. चार-पाच दिवसांत रंग फिरतो. मात्र फरशी आणि कपडे सांभाळावेत. आमच्या ओट्याच्या शहाबादी फरशीवर पहिल्या वर्षी पडलेले तांबूस थेंब आजही तिथेच आहेत.

डिझेल गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी घालायचे डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे युरियाचे पाणीच ना? ते लॉनला चालेल का? आणि शेतातला युरिया विरघळवून गाडीत?

दोन्ही प्रश्न अगदी स्वाभाविक आहेत. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजन वायूत व पाण्याच्या वाफेत रूपांतर करतो. एक लिटर डीईएफमध्ये साधारण ३५० ग्रॅम युरिया, म्हणजे १६० ग्रॅम नत्र असते. तत्त्वतः ते शंभर पट पाणी घालून लॉनला देता येईल, पण त्याची किंमत पाहता तसे करण्यात अर्थ नाही. उघडून जुने झाले म्हणून गाडीला चालत नसेल तर मात्र फेकण्याऐवजी असे वापरावे. तसेच ओतल्यास गवत हमखास जळेल.

उलट दिशेने कधीही जाऊ नये. शेतीचा युरिया २०१५ पासून सक्तीने निंबोळी तेलाचा लेप देऊन येतो, त्यात इतर अशुद्धीही असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात मिसळतात. या सगळ्याचे पुट सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकावर चढते आणि तो निकामी होतो. त्याची किंमत ऐकली की २६६ रुपये ५० पैशांच्या ४५ किलोच्या गोणीत काम भागवल्याचा आनंद राहत नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज उद्योगाकडे वळवणे हा गुन्हा आहे.

गोबरगॅसवर डिझेल इंजिन चालते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि माझ्या दृष्टीने या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नेहमीचे डिझेल इंजिन नुसत्या गोबरगॅसवर चालत नाही, कारण तो वायू केवळ दाबाने पेट घेत नाही. हवेच्या नळीतून वायू आत सोडायचा आणि पेटवण्यापुरते थोडे डिझेल नोझलमधून येऊ द्यायचे, अशी दुहेरी इंधनाची रचना करावी लागते. तीत डिझेल जवळपास ८० टक्के वाचते.

आता हिशेब पाहा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो, म्हणजे एक घनमीटरला २५ किलो शेण. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला दोन घनमीटरच्या थोडे पुढे वायू लागतो. रोज चार तास पाणी उपसायचे तर आठ-नऊ घनमीटर, म्हणजे दोनशे किलोंच्या वर शेण, म्हणजे वीस-बावीस जनावरे. दोन गायींच्या घरी हे जमणार नाही. तिथे वायू चुलीलाच वापरावा, ते अधिक शहाणपणाचे. पण पंचवीस-तीस म्हशींचा गोठा असणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा. वायू लोखंडी किसाच्या नळकांड्यातून नेऊन मगच इंजिनात सोडावा, नाहीतर त्यातला गंधकयुक्त वायू बेअरिंग आणि व्हॉल्व्ह खातो.

वायू गेल्यावर जी रबडी उरते तिच्यात शेणातले नत्र जवळजवळ सगळेच शिल्लक असते. जळतो तो कार्बन. टाकीतून निघालेल्या या रबडीला उग्र वास नसतो, तिच्यावर माश्या फारशा बसत नाहीत आणि त्यातले तणांचे बी बरेचसे मेलेले असते. लॉनसाठी मला याहून चांगले द्रवखत माहीत नाही. तितकेच पाणी घालून, गाळून, गुंठ्याला शंभर लिटर द्यावे. ज्या शेणाने इंजिन चालले त्याच शेणाने गवत वाढले, असे दुसऱ्या कोणत्याही इंधनाबद्दल म्हणता येत नाही. डिझेलच्या एका लिटरमागे धुराड्यातून पावणेतीन किलोंच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि मागे उरते फक्त काजळी.

परदेशी व्हिडिओंत बिअर, कोला, अमोनिया आणि भांडी घासायचा साबण यांचे खत दाखवतात. ते करावे का?

नको. त्यात अमोनिया तेवढा खत आहे, आणि तो हाताळणे घातक. साखरेच्या पेयाने मुंग्या येतात. साबणातला सोडियम आपल्या चोपण जमिनीला आणखी बिघडवतो. अशाच व्हिडिओंत सांगतात ते मॅग्नेशियमचे मीठ (एप्सम सॉल्ट) घालण्याआधी माती तपासून घ्यावी, कारण काळ्या जमिनीत मॅग्नेशियम सहसा कमी नसते.

लॉनमधला लव्हाळा किंवा वाळवी घालवण्यासाठी डिझेल किंवा जळके ऑइल ओततात. चालते का?

कृपा करून ओतू नका. इंजिनाच्या टाकीचा नळ नीट बंद झाला नव्हता म्हणून एका रात्रीत आमच्या विहिरीच्या कडेला तीनचार लिटर डिझेल झिरपले. हाताच्या दोन ओंजळींएवढी वाटणारी ती जागा पुढे परातीएवढी काळी पडली. त्या जागी पाणी टाकले की थेंब गोळे होऊन बाजूला पळत, आत मुरतच नसत. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिथे काही उगवले नाही, आणि पहिल्यांदा उगवला तो लव्हाळाच, कारण त्याच्या गाठी खोल असतात.

चुकून सांडलेच तर त्यावर पाणी मारू नये, त्याने डिझेल खाली जाते. लाकडाचा भुसा किंवा कोरडी राख टाकून शोषून घ्यावे, वरची वीतभर माती काढून विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर पातळ पसरावी, तीत शेणखत आणि जीवामृत मिसळावे व महिन्यातून दोनदा खालीवर करावी. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतात, त्यांना हवा, ओल आणि नत्र मिळाले की ते काम करतात.

पावसाळ्यात द्रवखत द्यावे का?

सांगलीकडे उघडीप पाहून द्यावे. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या जांभ्या जमिनीवर जून ते ऑगस्ट मुळीच देऊ नये, सगळे धुऊन ओढ्याला जाते. तिथे सप्टेंबरच्या शेवटी पहिला हप्ता द्यावा आणि हिराकशीची गरज सहसा पडत नाही, कारण ती जमीन आम्लधर्मी असते.

लॉनवर मुले खेळतात. शेणाचे द्रवखत दिल्यावर किती दिवस थांबावे?

रबडी, जीवामृत किंवा गोमूत्र दिल्यावर साध्या पाण्याने गवत धुऊन घ्यावे आणि किमान तीन-चार उन्हे पडू द्यावीत. रांगणारे मूल घरात असेल तर आठवडाभर. गवत कापायचे असल्यास खत देण्याच्या आदल्या दिवशी कापावे आणि कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्यावेत. त्यांतही नत्र असते आणि आठ-दहा दिवसांत ते मुळांशी कुजून जातात.